नदीतल्या फोटोतला परका माणूस

इतकी वर्षे लोटली, पण ते प्रकरण काही मनातून जात नाही. लढाईचे दिवस होते. मी आष्ट्याजवळच्या ठाण्यावर फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच कृष्णाकाठच्या एका गावचे पोलीस पाटील धापा टाकत आले. "साहेब, पलटणीतल्या जवानाची बायको जीव द्यायला निघाली हुती. बायांनी धरली म्हणून वाचली."

कारण एक फोटो. नवरा आघाडीवर आणि ही घोटाभर पाण्यात परक्या पुरुषाशेजारी उभी! दिरानेच तो गावभर दाखवून तिला घराबाहेर काढले होते. भाऊ लढाईवर, त्यात ती गेली की भावाच्या वाट्याची शेतजमीन आयतीच त्याच्या हाती येणार होती.

दिराला बोलावले. गडी छाती काढून म्हणाला, "आवं साहेब, फोटू कवा खोटं बोलतो व्हय?"

बाईला विचारले. "संक्रांतीला नदीवर गेलो हुतो, तवा ह्यांना धाडायला म्हणून एकटीचाच काढला. ह्यो बाबा कोन, देवाला ठावं!"

फोटो उजेडात धरला. पाण्यात बाईचे प्रतिबिंब लख्ख उतरले होते, शेजारच्या गड्याचे मात्र नव्हते. आमचे हवालदार मोठे मिश्किल. म्हणाले, "साहेब, ह्यो एकतर भूत हाय, न्हाईतर मागनं आलेला पाव्हणा!" मला हसू आले, पण डोके तापले होते.

फोटोमागे सांगलीच्या स्टुडिओचा शिक्का होता. सांगली तेव्हा संस्थानात, आमच्या हद्दीबाहेर. तिथल्या पोलिसांची संमती घेऊन तो स्टुडिओ गाठला. "म्हणजे हे तिचे यजमान नव्हेत?" म्हणत फोटोवाल्यांनी सगळे सांगून टाकले. त्या काळी लढाईवर गेलेला माणूस घरच्यांच्या फोटोत असा शेजारी बसवून देत. कापायचा, चिकटवायचा, ब्रशने कडा बुजवायच्या आणि पुन्हा फोटो काढायचा. किती आयाबायांनी ते फोटो उराशी धरले असतील! आठवले की आजही जीव हळवा होतो. इथे वहिनीचा फोटो न्यायला आलेल्या दिराने भलत्याच जवानाचा फोटो भाऊ म्हणून दिला होता. खुर्चीवर बसलेल्या माणसांची जोडकामे करणाऱ्या हाताला पाण्यातले काम नवे, म्हणून प्रतिबिंब रंगवायचे राहून गेले.

हे समोर ठेवताच दिराने कबुली दिली. त्याच्यावर खटला भरला. मी बाईला म्हणालो, "ताई, सुटलात. खुशाल घरी जा."

"कशी जाऊ, साहेब? खोटं गावभर फिरलं आन् खरं तेवढं ठाण्यात ऱ्हायलं."

त्याच दिवशी पाटलांना सांगून, फोटो बनावट आणि बाई निर्दोष, अशी गावात दवंडी पिटवली. हलगीमागून ती बाई स्वतः गल्लोगल्ली चालली, मान ताठ ठेवून. तिच्या दाराशी हलगी थांबली, तेव्हा सासू बाहेर आली, सुनेला पोटाशी धरून ढसाढसा रडली आणि हाताला धरून आत घेऊन गेली.

गुन्हा उघडकीस आला की आपले काम संपले, असे मी तोवर समजत होतो. पण अब्रू जिथे गेली तिथेच ती परत पोचवावी लागते, हे मला त्या बाईने शिकवले.