काळ्या चौकोनातल्या विद्याकाकू

हेमंतकाकांचा फोन आला तेव्हा मी युट्रेख्टच्या माझ्या खोलीत बसून ऑफिसची ऑनलाइन मीटिंग करत होते. "गेली गं विद्या," एवढंच म्हणाले. बारा दिवस काकू हॉस्पिटलमध्ये होत्या, आत कुणाला सोडत नव्हते. फोन ठेवून मी मीटिंगमध्ये परत गेले आणि माझा अर्धा राहिलेला मुद्दा पूर्ण केला. का, ते मला अजून सांगता येत नाही.

विद्याकाकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. नेदरलँड्सला आले त्या पहिल्या वर्षी मी बेस्ट नावाच्या छोट्या गावात त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती, तेव्हापासूनच्या त्या काकू. त्यांचे यजमान हेमंतकाका तिथे इंजिनिअर. पुण्यात काकूंनी पंचवीस वर्षं जपानी शिकवलं होतं. जपानी पाहुणे आले की दुभाषी म्हणून कंपन्या त्यांना घरी गाडी पाठवायच्या. इथे मात्र डच येत नाही म्हणून कुणी दारात उभं करेना. त्यांना एकच हवं होतं... पुन्हा एकदा दोन माणसांच्या मधे बसून, आपल्या नावानं ते काम करायचं. इथे राहणाऱ्या जपानी आणि अमेरिकन कुटुंबांच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी चालणाऱ्या एका संस्थेत इंटर्नशिप आहे, ही जाहिरात मीच शोधली. अर्जही मीच भरला. "एकदा आत तर शिरा काकू, पुढचं आपोआप होतं," असं मी, पंचवीस वर्षांच्या पोरीनं, त्यांना सांगितलं.

पुढचं काहीही आपोआप झालं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी गळ्यात 'इंटर्न' असं ओळखपत्र घालून काकू बेसबॉलच्या मैदानाशेजारी ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, वाटायच्या, हौसेनं किमोनो घालणाऱ्या अमेरिकन बायकांना मागचे पट्टे बांधून द्यायच्या, खुर्च्या लावायच्या. "अगं, आयुष्यभर मी पोरांना शिकवलं, आता पोरं मला खुर्च्या कुठे ठेवायच्या ते शिकवतात," असं हसत सांगायच्या. मीही हसायचे. सहा महिन्यांची इंटर्नशिप तीनदा वाढवली, ओळखपत्र तेच राहिलं.

मग महामारी आली आणि सगळे कार्यक्रम स्क्रीनवर गेले. नेहमीचे दुभाषी जपानला परतले, तेव्हा संस्थेला अचानक काकू आठवल्या. अध्यक्षांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं की कार्यक्रम जपान आणि अमेरिकेचा आहे, मधे भारतीय चेहरा दिसला तर लोकांचा गोंधळ होईल, तेव्हा कॅमेरा बंद ठेवा, नावाच्या जागी 'इंटर्न' एवढंच राहू द्या. म्हणजे नुसता काळा चौकोन आणि त्यातून येणारा आवाज. काकूंनी फोन करून मला हे सांगितलं. "बरंच झालं की, मस्त गाऊनवर बसा!" मी म्हणाले. "हो गं, तेही खरंच," त्या म्हणाल्या. त्यांना माझ्याकडून विनोद नको होता. त्यांच्या वतीनं कुणीतरी चिडायला हवं होतं आणि मी चिडले नाही. याची मला लाज वाटते.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, मी तो लॅपटॉपवर पाहिला. पंधरा दिवसांनी बेस्टला गेले. चहा करता करता काका म्हणाले, "दर कार्यक्रमाला साडी नेसून बसायची, माहितेय? टिकली, घड्याळ, सगळं. एकदा विचारलं, अगं कुणाला दिसतंय? तर म्हणे, मला समोरची माणसं दिसताहेत ना." मी कप विसळत राहिले.

त्याच दुपारी संस्थेनं ऑनलाइन शोकसभा ठेवली होती. अध्यक्ष "अवर लव्हली इंटर्न" असं तीनदा म्हणाले. आडनाव उच्चारता येईना म्हणून ते गाळूनच टाकलं. शेवटी ओनोसान नावाच्या, ऐंशीच्या घरातल्या आजी बोलू लागल्या. कार्यक्रमांत त्यांचं बोलणं इंग्रजीत आणायचं काम काकूच करायच्या. आजी चांगली चार-पाच मिनिटं जपानीत बोलल्या, मधे दोनदा चष्मा काढून डोळे पुसले. 'विद्यासान' एवढा एकच शब्द मला कळत होता. मग त्या थांबल्या, आणि सवयीनं थोडं पुढे वाकून वाट पाहू लागल्या. सगळेच वाट पाहू लागले... दोन्ही भाषा येणारे तिथे चार-दोन जण तरी असतील, पण ते काम इंटर्नचं होतं. अखेर अध्यक्ष "व्हेरी मूव्हिंग, थँक यू" म्हणाले आणि सभा संपली. काका माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या गं त्या?"

मला कुठे जपानी येतं! मी संस्थेला मेल केली, रेकॉर्डिंग असेल तर आजींच्या बोलण्याचा अर्थ लिहून पाठवा, काकांना हवा आहे. चार दिवसांनी उत्तर आलं. रेकॉर्डिंग आहे, आमची मनापासून सहानुभूती आहे, आणि पुढच्या महिन्यात नवी इंटर्न रुजू होते आहे, तिला सर्वांत आधी हेच काम देऊ. काका दर रविवारी फोनवर विचारतात, उत्तर आलं का. मी नाही म्हणते.