सात नंबर, दोन गुण

त्या सप्टेंबरात टेबलकाका लिफ्टमध्ये शिरताना दोन्ही कानांवर हात ठेवायचे. युरोपातल्या देशांची पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा चालू होती. तिथले सामने सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर व्हायचे आणि काका त्यांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता बघायचे. तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून ही तजवीज. खरं तर आमच्या सोळा मजली ब्लॉकमध्ये लिथुआनिया जिंकला काय आणि हरला काय, कुणालाच त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेजारच्या मिसेस टॅनना वाटलं, म्हाताऱ्याचे कान दुखतात. त्यांनी एकदा कसल्याशा हिरव्या तेलाची बाटली आणून दिली. काकांनी ती घेतली, वाकून आभार मानले आणि कान झाकूनच ते बाहेर पडले. अख्ख्या ब्लॉकमध्ये निकाल माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या शेजारीच उभा असायचा. तो मी.

काका मूळचे सांगलीचे. पोस्टात नोकरी केली आणि चाळीस वर्षं संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर गुणलेखक म्हणून बसले. स्वतः कधी चेंडूला हात लावला नाही. काकू गेल्यावर मुलगी मानसी त्यांना व्हिजिट पासवर इकडे घेऊन आली. ती आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. पहिल्या भेटीत मी विचारलं, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात? ते म्हणाले, "मी टेबलावरचा माणूस." तेव्हापासून माझ्या मुलीनं, ईरानं, त्यांचं नाव टेबलआजोबा ठेवलं आणि आम्हा मोठ्यांसाठी ते टेबलकाका झाले.

टीव्हीवरची मॅचसुद्धा ते टेबलावर बसूनच बघत. आमचा सोफा त्यांना वर्ज्य होता, कारण सोफ्यावर बसतो तो प्रेक्षक. सातला पाच मिनिटं असताना बेल वाजायची. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बगलेत पुठ्ठ्याची फाइल, खिशात एक लाल आणि एक निळं पेन. मग डायनिंग टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारून ते गुणपत्रक पसरायचे. पहिल्या आणि तिसऱ्या डावाला लाल शाई, दुसऱ्या आणि चौथ्याला निळी. दोन गुणांना तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, आणि तीन गुणांचा बास्केट झाला की खेळाडूच्या नंबराभोवती गोल. हे सगळं ते अशा निगुतीनं करायचे, की युरोपातल्या पंचांनी उद्या फोन करून विचारलं तर पत्रक तयार असावं. मी एकदा थट्टेनं तसं म्हणालोही. ते म्हणाले, विचारणार नाहीत, पण विचारलं तर असलं पाहिजे.

खेळाडूंची नावं ते लिहीत नसत. ती उच्चारायला कठीण म्हणून नव्हे. "नाव दिसलं की माणूस विरघळतो. नंबर लिहावा," असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा, की खाली सही झाली की पान बंद. त्यानंतर त्यात चूक सापडली तरी त्या पानाला हात लावायचा नाही. आणि तिसरा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला, तो माझ्या वर्मी बसला आहे: "निकाल ठाऊक असलेल्यानं टेबलावर बसू नये."

मला टेबलावर बसवण्याचं कारण त्यांचे डोळे. पडद्यावरची धावपळ त्यांना दिसायची, पण बनियनवरचे नंबर दिसत नसत. तेव्हा मी बघून सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. "चौदा, दोन गुण." "पाच, फाउल." ते मान वर न करता म्हणायचे, "लिहिलं." पहिले दोन दिवस मला मौज वाटली. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. मी दिवसभर ऑफिसात मीटिंगा करून आलेला माणूस, मला घरी आल्यावर कुणाचे नंबर वाचायचे नव्हते. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी फोनवर निकाल बघून टाकला. सामना शेवटपर्यंत चुरशीचा आहे की मध्येच संपल्यात जमा आहे, एवढंच बघायचं होतं. पण नुसता निकाल बघून थांबलो नाही, शेवटच्या मिनिटाचं वर्णनही वाचलं.

त्या संध्याकाळी शेवटचं मिनिट आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आता चेंडू नऊ नंबरकडे जाईल, आणि तो लांबून टाकेल." चेंडू नऊ नंबरकडे गेला. त्यानं लांबून टाकला. काकांनी चाळीस वर्षांचा शिरस्ता मोडून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग त्या नऊभोवती गोल काढून झाल्यावर समासात त्यांनी एक छोटी चांदणी काढली. "अभय, तुला नजर आहे," ते म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी हसून वेळ मारून नेली.

पुढे मला त्या चांदणीची चटकच लागली. रोज सकाळी पुंगोलहून निघालो की मी अभ्यास करायचो आणि संध्याकाळी दोनतीन ठिकाणी बेतानं भाकितं करायचो. एखादं मुद्दाम चुकवायचो, म्हणजे संशय नको. काकांनी माझी कीर्ती इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बसणाऱ्या सगळ्या आजोबामंडळींत पसरवली. त्यांच्यातले अर्धे तमिळ आणि चिनी, त्यांना काय कळलं देव जाणे, पण मी ऑफिसातून येताना ते माझ्याकडे बघून माना डोलवायचे. सांगलीला फोन करून काका गुणलेखनातल्या आपल्या जुन्या जोडीदाराला सांगायचे, की सिंगापुरात एक पोरगा सापडला आहे, याला खेळ आधी दिसतो. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकलं आहे. मला लाज वाटायची, पण ती अशी पातळ होती, की सकाळपर्यंत टिकत नसे.

उपांत्य फेरीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या इथल्या मराठी मंडळींनी मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धा ठेवल्या होत्या. मुलींच्या अंतिम सामन्यात आमचं पुंगोल आणि शहराच्या पश्चिमेकडचं क्लेमेंटी, आणि पुंगोलच्या संघात ईरा. गुणलेखक म्हणून काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मी लिहीन, पण माझे डोळे म्हणून अभय बसेल. संयोजक जरा कां कूं करत होते. मुलीचा बाप टेबलावर कसा बसवायचा? काका म्हणाले, तो नावं बघत नाही, नंबर बघतो. त्यांनी माझी हमी घेतली.

नेहमी मी निकाल एमआरटीत बघायचो. त्या दिवशी बरोबर ईरा होती, तिच्या मैत्रिणी होत्या, जमलं नाही. आणि संध्याकाळी तर उपांत्य सामना काकांबरोबर बघायचा होता, तोही भाकितांसकट. चौथ्या डावात एका फाउलवर खेळ थांबला. काका मान खाली घालून तो लिहीत होते. मी टेबलाखाली फोन धरला आणि युरोपातला निकाल शोधू लागलो. खेळ सुरू झालेला मला कळलाच नाही. एकदम आरडाओरडा झाला. मी वर बघितलं तर चेंडू जाळीतून खाली पडत होता आणि क्लेमेंटीची सात नंबरची मुलगी हात वर करून मागे धावत होती. पंच म्हणून कुणाचेतरी हौशी बाबा होते, त्यांना खुणा बिणा ठाऊक नव्हत्या.

"कोण?" काकांनी विचारलं.

"सात. दोन गुण."

"रेषेच्या आतून?"

"हो," मी म्हणालो.

"लिहिलं," काका म्हणाले.

पुंगोल एका गुणानं जिंकलं. ईरा नाचत होती. मी तिचा फोटो काढायला धावलो आणि इकडे क्लेमेंटीच्या एका वडिलांनी आपल्या फोनवरचं चित्रण संयोजकांपुढे धरलं. मुलगी रेषेच्या हातभर बाहेर होती. तीन गुण. सामना बरोबरीचा होता, जादा वेळ खेळवायला हवा होता. सगळे टेबलाभोवती जमले. कुणीतरी काकांच्या देखतच म्हणालं, "अरे, अंकलना दिसत नाही, हे सगळ्यांना माहितीये. त्यांना बसवलंच कशाला?"

मी तेव्हा चार पावलांवर होतो. तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. काका उठून उभे राहिले, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि म्हणाले, "चूक टेबलाची आहे. टेबल माझं आहे. मी क्लेमेंटीच्या मुलींची माफी मागतो." आणि त्यांनी त्या सात नंबरच्या मुलीपुढे, तेरा वर्षांच्या पोरीपुढे, हात जोडले. ती गोंधळून आईच्या मागे गेली. ढाल दोन्ही संघांना विभागून दिली. परतताना एमआरटीत ईरा माझ्या खांद्याला टेकून इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजोबांना दिसलं नाही, लाह. नॉट हिज फॉल्ट वॉट." मी तिला म्हणालो, बरोबर आहे तुझं.

मला वाटलं, आता संध्याकाळी काका येणार नाहीत. सातला पाच मिनिटं असताना बेल वाजली. तोच शर्ट, तीच फाइल. पेन उघडण्याआधी त्यांनी एकदाच विचारलं, "अभय, तुला दोनच दिसले ना?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या साधेपणानं विचारला, की खरं सांगणं अगदी सोपं होतं. मी म्हणालो, "हो काका. मला वाटलं, पाय रेषेवर आहे."

"मग झालं. दिसलं ते सांगायचं. नजर सगळ्यांची चुकते, त्यात काही पाप नाही. तुझं लक्ष नसतं तर गोष्ट वेगळी." मग पेनचं टोपण काढत म्हणाले, "चुकलं माझंच. क्लेमेंटीवाले दोन गुणांना एवढे ओरडत नव्हते. मला कानांनी कळायला हवं होतं."

त्या सामन्यात मी एकही भाकीत केलं नाही, निकाल ठाऊक असूनही.

सोमवारी अंतिम सामन्याचं रेकॉर्डिंग. चटक लागल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा निकाल बघितला नाही. फोन बॅगेत तळाशी ठेवला, जेवायला एकटा गेलो, लिफ्टमध्ये शिरताना, हसू नका, कानांवर हात ठेवावेसे वाटले. संध्याकाळी काकांनी मला विचारलं, आता चेंडू कुणाकडे जाईल? मी खरोखर विचार करून सांगितलं आणि चुकलो. पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलो. पाच वेळा चुकलो. पहिले तीन दिवस सोडले तर तेवढा एकच सामना मी त्यांच्याबरोबर टेबलावर बसण्याच्या लायकीचा होतो, आणि त्या पानावर एकही चांदणी नाही. शेवटी काकांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "शनिवारचं मनाला लावून घेतलंस तू," ते म्हणाले. "माझ्यापायी तुझी नजर बिघडली बघ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी मृदुलाला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. माझ्याच घरात, माझ्याच बायकोला.

पुढच्या महिन्यात मानसीनं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नजर आणखी उतरली होती. काका मला खुशीनं सांगत आले, की चला, त्या दिवशीच्या चुकीचं कारण तरी सापडलं. नोव्हेंबरात त्यांनी पास वाढवून घ्यायला नको म्हणून सांगितलं. इथं माझ्यामुळे तुम्हाला चार लोकांत खाली बघावं लागतं, असं ते मानसीला म्हणाले. चांगी विमानतळावर मी गेलो होतो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, पुढच्या स्पर्धेला मी नसलो तरी तू लिहीत जा. मी मान हलवली आणि त्यांची बॅग सरळ केली.

पुढची स्पर्धा आली तेव्हा ते नव्हते. उन्हाळ्यात झोपेतच गेले. दिवस करून परतताना मानसी त्यांची पुठ्ठ्याची फाइल घेऊन आली. बाबांनी तुमच्या नावानं ठेवली होती, म्हणाली. मी ती डायनिंग टेबलावर उघडली. सगळे सामने क्रमानं लावलेले, माझ्या सगळ्या खोट्या चांदण्या जागच्या जागी. सगळ्यांत खाली शनिवारचं पान होतं, पुंगोल विरुद्ध क्लेमेंटी. चौथ्या डावाच्या निळ्या शाईत सात नंबर आणि तिरकी रेघ. तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चूक गुणलेखकाची. सहायकानं बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं लिहिलं.' त्याखाली त्यांची सही. शेजारी सहायकाच्या सहीची जागा कोरी. मी तेव्हा फोटो काढायला गेलो होतो.

चाळीस वर्षांत त्यांनी पानावर खोटं लिहिलं असेल तर हे एवढंच. कुणी कधी पान मागितलं, तर दोष माझ्यावर येऊ नये म्हणून.

मी पेन काढलं होतं. पण सही झालेल्या पानाला हात लावायचा नाही, हा नियम तरी पाळावा म्हटलं. तेव्हा ती नोंद इथं करतो. क्लेमेंटीच्या सात नंबरच्या मुलीचे तीन गुण होते. गुणलेखकानं दोनदा विचारलं होतं. सहायक फोनमध्ये बघत होता.