ग्रुप सोडून गेलेली माणसं

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मनीषनगरातलं ते मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूचं, प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही.

मृत बाई पस्तिशीची, शाळेत शिक्षिका. यकृत निकामी होऊन दवाखान्यात वारली. तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठाण्यात येऊन सांगितलं, की जावयानेच तिला काहीतरी खाऊ घातलं. घरात भांडणं होत, असं शेजारीही म्हणाले. जावई कळमन्यात धान्याचा अडत्या. त्याला मी दोन दिवस ठाण्यात बसवून तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तो एवढंच सांगायचा, की ती गुडघ्यांसाठी कसलीशी भुकटी घ्यायची, मी नको म्हणायचो, त्यावरूनच आमचं वाजायचं. मी विश्वास ठेवला नाही.

मग तिच्या शाळेतली एक सहकारी आली आणि मोबाइल तपासा म्हणाली. त्यात सांधेदुखीवरच्या पूरक औषधांचा ग्रुप सापडला. शेकडो माणसं. कोणाची काठी सुटलेली, कोणी जिने चढायला लागलेलं. मरणाच्या महिनाभर आधी हिने विचारलं होतं, 'डोळे पिवळसर दिसतात, आणखी कोणाला असं झालं का?' लगेच उत्तरं आली होती, की शरीरातली घाण बाहेर पडते आहे, थांबू नका, मात्रा वाढवा. तिने वाढवली.

आमच्या महिला उपनिरीक्षकाने एक गोष्ट हेरली. बरेच जण काही न बोलता ग्रुपमधून निघून गेले होते. तिने एकेकाला फोन लावला. कोणाला कावीळ झालेली, कोणाला उलट्या. ग्रुपवर का लिहिलं नाही, तर म्हणे सगळ्यांना गुण येतो, आपल्यालाच सोसलं नसेल असं वाटलं.

मृत बाईला ग्रुपमध्ये कोणी घेतलं, ते शेवटी पाहिलं. नंबर वडिलांचा होता. त्यांना बोलावून मोबाइल समोर ठेवला.

"मले खरंच आराम पडला होता, साहेब. मीच तिले म्हटलं, घे वं बाई, काही होत नाही."

जावई जबाबावर सही करायला आला, तेव्हा त्याला विचारलं, भुकटी सासऱ्यानेच सुचवली हे तुला ठाऊक होतं का. होतं. मग दोन दिवसांत सासऱ्याचं नाव एकदाही का घेतलं नाही?

"त्याईची पोरगी गेली, साहेब. अजून हे काहून सांगू त्याईले?"

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. भुकटीत तात्पुरता आराम देणारं स्टेरॉइड होतं, आणि यकृताला घातक वेदनाशामकही. डब्यावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. डब्यावरचा पत्ता परराज्यातला. तिथे आमच्या पथकाला कुलूपबंद शेड मिळाली. गुन्हा दाखल झाला, भुकटी विकणारा आरोपी अजून फरार आहे.

त्या ग्रुपमध्ये खोटं कोणीच बोललं नव्हतं. ज्यांना बरं वाटलं ते बोलले, ज्यांना त्रास झाला ते गप्प राहिले. साक्षीदार कितीही असोत, कोण बोलायला आलंच नाही हे आधी विचारावं, एवढं मी शिकलो. उशिरा शिकलो. आधी नवऱ्यावर संशय घ्यायचा, हेही मला वर्षानुवर्षांच्या अनुभवानेच शिकवलं होतं. त्या अनुभवाच्या भरवशावर मी त्या माणसाला बायकोच्या अस्थी गोळा करायच्या दिवशी बाकावर बसवून ठेवलं होतं.

मी त्याची माफी मागितली. त्याने हात जोडले आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरून गेला.