मिस्त्रीची चिठ्ठी

सायकली दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात. पण सायकल का बिघडली हे कळल्याशिवाय पान्याला हात न लावणारा हा एकटाच. जिन्याखालच्या खोलीत त्याचं दुकान. काम झालं की बिघाडाचं कारण चिठ्ठीवर लिहून ती हँडलला बांधायची, ही त्याची खोड. 'कारण: चाकात हवा कमी.' 'कारण: मेहुण्याला डबलसीट नेलं.' लोक त्याला कारणमिस्त्रीच म्हणत. लोकांच्या सायकलीत एवढं नाक कशाला खुपसता, असं बायको विचारायची. त्याचं कारण मात्र त्याला कधी सांगता आलं नाही.

एका सकाळी वाचनालयातल्या बाई आपली डोंगरावर चालवायची गियरवाली सायकल ढकलत आल्या. कोपराला पट्टी, हातात पिशवी आणि पिशवीत तुटलेली चेन. बावन्नाव्या वर्षी हौसेने घेतलेली सायकल. दर रविवारी त्या टेकडी चढायच्या आणि सोमवारी मिस्त्रीला त्याचा वृत्तान्त द्यायच्या.

"नीट करून द्या," बाई म्हणाल्या, "आणि कुणी घेणारं असेल तर बघा. विकून टाकते."

"विकता? का हो?"

"चढावर गियर बदलला, खाडकन चेन तुटली आणि मी आडवी. मुलगा म्हणतो, आई, तुझं वय काय, तू करतेस काय! खरंच आहे त्याचं. मला जमत नाही, झालं."

"ते मी बघतो ना. संध्याकाळी या."

बाई गेल्या आणि मिस्त्री वर्तमानपत्र पसरून बसला. मागचा गियर मुरगळून चाकात घुसला होता. तो धरून ठेवणारी छोटी पट्टी वाकली होती, चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या. पण हे सगळं नंतरचं. आधी तुटली ती चेन, आणि ती का तुटली हा भुंगा आता त्याच्या डोक्यात शिरला. चष्म्यावर भिंग धरून तो एकेक कडी निरखू लागला. कडी मोडलेली नव्हतीच. पिन एका बाजूने सुटली होती आणि कडीची बाजूची पट्टी उघडली होती. पिनेच्या टोकावर अवजाराची चकचकीत खूण होती.

त्याने आपलं चेनचं अवजार काढून त्या खुणेला लावून पाहिलं. ती खूण त्याच्याच अवजाराची. महिन्यापूर्वी चेन सैल झाली म्हणून त्यानेच दोन कड्या काढल्या होत्या आणि तीच पिन परत ठोकून चेन जोडली होती. साध्या सायकलींच्या जाड चेनी तो चाळीस वर्षं तशाच जोडत आला होता. एकही कधी सुटली नव्हती.

मग या बारीक चेनीलाच काय झालं? लाज वाटत होती, पण उत्सुकता त्याहून मोठी. त्याने जुन्या साध्या चेनची पिन काढून परत बसवली आणि कडी हाताने पिळली. ढिम्म हलली नाही. मग नवी बारीक चेन घेऊन तसंच केलं. कट्! पट्टी उघडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पिन बाहेर ढकलताना तिचं दाबून फुगवलेलं टोक सोलून निघत होतं. या चेनीला वेगळी जोडकडीच हवी. चाळीस वर्षांनी नवीन काहीतरी कळलं म्हणून मिस्त्री एकटाच हसला आणि लगेच त्याला बाईंचा कोपर आठवला.

दुपारभर त्याने काम केलं. गियरची वाकलेली पट्टी बदलली, गियर सरळ केला, तारा ओवल्या, नवी चेन जोडकडीने जोडली. मग चिठ्ठी पुढ्यात घेतली. 'कारण: चढावर गियर बदलला.' बाईंनी स्वतःच तर तसं सांगितलं होतं. कुणाला संशयही आला नसता. ते लिहिणं फार सोपं होतं, म्हणूनच त्याला स्वतःचा राग आला.

संध्याकाळी बाई आल्या. सायकलकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. "कुणी भेटलं का घेणारं?"

"आधी चिठ्ठी वाचा."

बाईंनी वाचली. 'कारण: मिस्त्री. पिन चुकीची बसवली.'

"म्हणजे माझं काही..."

"काही नाही. चढावर गियर बदलला म्हणून नीट जोडलेली चेन अशी सुटत नाही. पडलात ते माझ्यामुळे. माफ करा बाई."

बाई रागावतील म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हँडलला हात लावला, घंटी वाजवून पाहिली.

"अजून एक अशीच लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. मुलाला दाखवायचीय."

मुलाला दाखवली म्हणजे गावभर झाली, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्याने मोठा कागद घेतला आणि आपलं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. सकाळी ढकलत आणलेली सायकल बाई चालवत घेऊन गेल्या.