उजव्या गालावरचा उजेड

ठाण्यात मला त्र्यंबक मास्तर म्हणतात. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की पाया पडायला वाकतात आणि मी पाय मागे घेतो. त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो. नम्रपणा कसला, मला रघु आठवतो.

रघु ठाण्याजवळच्या कोलशेत गावचा, आगरी. बापाप्रमाणे तोही मिठागरावर राबायचा, आणि पंचक्रोशीत लग्न असलं की सनई वाजवायचा. आईबाप लवकर गेले. धाकट्या बहिणीला, सगुणाला, त्यानंच वाढवलं आणि तिच्या लग्नात सनईही स्वतःच वाजवली. नवरा गावातलाच, काळुराम. कामाला दांडगा, पण डावरा. मिठागरात माणसं ओळीनं उभी राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढतात. काळुरामाचं फावडं उलट्या बाजूनं फिरायचं, शेजारच्याला लागायचं, म्हणून त्याला कायम ओळीच्या टोकाला उभं करत. त्याचा राग तो घरी सगुणावर काढायचा.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी रघु मध्ये पडला. काळुरामानं तेच फावडं फिरवलं. फळीची कड उजव्या कानापासून ओठापर्यंत बसली. जबडा मोडला, सहा दात अंगणात पडले, उजवा डोळा कायमचा गेला. त्याच्या छातीवर पाय देऊन काळुराम म्हणाला, "माजं नाव घेतलंस त पयली हिला संपवीन."

रघूनं नाव घेतलं नाही. पोलिसांना, गावाला एकच सांगितलं, की उघाडीवर पाय घसरला. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं ते दगडी दार म्हणजे उघाडी. तिथं माणसं पडतात, त्यामुळे कोणी खोलात गेलं नाही. पण ओठ नीट मिटेनात, फुंकर धरवेना, सनई सुटली. मग तो तुणतुणं घेऊन ठाण्यात टेंभी नाक्यावर बसायला लागला. उजवा गाल भिंतीकडे, आणि वर हनुवटीखालून डोक्यापर्यंत घट्ट बांधलेलं फडकं.

याच सुमाराला रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात तीनशे वर्षांपूर्वीच्या एका विलायती चित्राची रंगीत छपाई होती. पान फाटलेलं, चित्रकाराचं नाव गेलेलं. रस्त्यावर वाजवून पोट भरणारा एक म्हातारा, मांडीवर वाद्य, अर्धा चेहरा गडद काळोखात आणि उरलेल्या अर्ध्यावर असा उजेड, की सुरकुती न् सुरकुती मोजावी. मी वेडा झालो. जन्मभर मुलांना घागर आणि कोबी काढायला लावणाऱ्या माणसाला वाटलं, एकदा तरी आपल्या हातून असं काही व्हावं. आणि वाजवणारा तर नाक्यावरच बसला होता.

रघूनं दोन अटी घातल्या. हातात तुणतुणं नको, सनई हवी. दुसरी अट सांगण्याआधी त्यानं मला वर लिहिलेलं सगळं सांगितलं. तोपर्यंत ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मग फडकं सोडलं.

"मास्तर, हा गाल कुनाला दिसला नाय पायजे. ह्यात माज्या बहिनीचा जीव हाय."

मी त्याला विलायती चित्र दाखवलं. म्हटलं, "ही बाजू बघ, पार काळी. तुझीही तशीच काढतो."

पन्नास सालचा मार्च. माझ्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या होत्या. रघूच्या उजवीकडची मी गोणपाटानं बंद केली आणि डावीकडची उघडी ठेवली. त्या काळोखाच्या भरवशावर रघु फडकं सोडून बसला. दोन दिवस काम केलं, पण चित्र उठेना. आम्हा ड्रॉइंग मास्तरांच्या हाडात एक नियम बसलेला असतो : उजेड डावीकडून घ्यायचा, म्हणजे आपल्याच हाताची सावली कागदावर पडत नाही. इथे उजेड माझ्या उजवीकडून येत होता आणि माझा हात माझ्याच रंगांवर काळोख पाडत होता. तिसऱ्या दिवशी मी चिडलो. रघूच्या डावीकडची खिडकी लोटली आणि उजवीकडच्या गोणपाटाचा एक कोपरा हळूच वर खोचला.

उजेडाची तिरीप त्या व्रणावर पडली. एवढी सरळ, एवढी खोल रेघ मी कुठल्याच चेहऱ्यावर पाहिली नव्हती. माझा ब्रश आपोआप चालू लागला.

त्या बाजूचा डोळाच नसल्यानं रघूला काही कळलं नाही. उरलेल्या डोळ्याला एवढंच जाणवलं, की समोर अंधारलंय.

"मास्तर, उजेड कमी झाला का?"

"आभाळ आलंय," मी म्हणालो.

तो घाबरला. ऐन हंगामात आभाळ म्हणजे मीठ पाण्यात. "सगुनीच्या घरचं मीठ उघड्याव हाय," म्हणाला. मग जरा वेळानं, "ह्या अंगाला काळोख हाय ना?"

"हो."

तो बाहेर पडला तेव्हा कडक ऊन होतं. "गेलं वाटतं, बरं झालं," असं म्हणून हसत गेला. मला लाज वाटली नाही. चित्र स्पर्धेला जाणार होतं. मी मनाला समजावलं, की कोलशेतचं कोण मरायला वाचनालयाच्या हॉलमध्ये स्पर्धेचं प्रदर्शन बघायला येतंय!

आले. रघूनंच पाठवले. मास्तरांनी माझ्या हातात सनई काढलीय, बघून या, असं तो आनंदानं गावभर सांगत सुटला होता. स्वतः शेवटच्या दिवशी नवं धोतर नेसून येणार होता. पहिल्याच दिवशी बाजाराला आलेल्या पाचसहा आगरी बायका हॉलमध्ये शिरल्या. सनई बघून हसल्या. मग त्यांच्यातली म्हातारी कमळाबाई चित्राजवळ गेली. तिनं जन्मभर मीठ वाहिलेलं. फडक्याखालचा गाल ती पहिल्यांदाच बघत होती.

"ह्यो दगुड नाय लागला," ती मोठ्यानं म्हणाली. "ही फावड्याची कड हाय. आन् ह्या अंगाला बसलीय, म्हंजे मारनारा डावरा."

बायका बाजार टाकून गावाकडे निघाल्या. गावात डावरा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात काळुरामाला सगळ्या ओळीनं तोंडावर विचारलं. तो फावडं खांद्यावर टाकून घरी गेला. सगुणा चुलीपाशी होती. तिला वाटलं जेवायला आला, म्हणून तिनं पाट मांडला. पहिला घाव पाठीत बसला. ती अंगणात धावली तेव्हा दुसरा डोक्यात. दांडा मोडेपर्यंत तो मारत राहिला. शेजारी कुडाआडून बघत होते.

रघूला नाक्यावर कळलं. तो धावत कोलशेतला पोचला, बहिणीला पाहिलं आणि कुणाच्या तरी कुडातला कोयता ओढला. काळुराम खाडीवर हात धूत बसला होता. रघूनं त्याचा डावा हात मनगटापासून तोडला, आणि परत घाव घालायच्या आत लोकांनी त्याला धरलं. तो हात बांधावर मिठाच्या राशीशी पडला होता, आणि रास लाल होत गेली असं सांगतात. काळुराम जगला, जन्मठेपेवर गेला. रघूला सात वर्षं झाली.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी छायाप्रकाशाची विशेष तारीफ केली. मी ते घरी आणून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

सत्तावन्न साली, एका सकाळी, रघु माझ्या दारात उभा राहिला. केस पांढरे, गालावर फडकं नाही. "दावा," एवढंच म्हणाला.

मी चित्र वळवलं. त्यानं ते पहिल्यांदाच पाहिलं. हातातली सनई बघितली, मग गाल. खूप वेळ तो खिडकीवरच्या गोणपाटाकडे बघत राहिला.

"मास्तर, त्या दिशी आभाळ आलेलं का?"

सात वर्षं मी या प्रश्नाला उत्तर जुळवत होतो.

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं उजवा हात उचलला आणि असा मारला, की मी चित्रासकट भिंतीवर आदळलो. डोळे उघडले तेव्हा तो गेलेला होता.

माझ्या डाव्या कानाला त्या दिवसापासून ऐकू येत नाही. लोक विचारतात, मास्तर, हे कसं झालं? मी सांगतो, पायरीवरून पाय घसरला.