बाबांनी जंगलातलंही रोही हाकललं

मंडळी, आज सकाळी बाबाले पहिल्यांदा मेळघाटात सफारीले नेलं. चांदूर बाजारजवळ आमचं भाजीचं वावर हाय. तिथं रोही, म्हंजे नीलगाय, घुसलं की बाबा ओरडून हाकलतात.

वळणावर जिप्सी थांबली. समोर एक मोठं रोही पाला खाऊन राहिलं होतं. सगळे फोटो काढत होते, अन् बाबा एकदम उभे राहून ओरडले, "हाऽऽट! निंग इथून!"

रोही पळालं. गाईड चिडला, "काका, हे का तुमचं वावर हाय?"

बाबा ओशाळून खाली बसले. "नाई भाऊ. आज आपणच त्याच्या वावरात घुसलो."

वाघ काही दिसला नाही, तरी घरी येईस्तोवर बाबा खुशीत होते. पण उद्या वावरात रोही आलं, तं त्यांचा आवाज निघन काय, सांगा बरं?