अकरावं घर

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे ‘पुढारी’ म्हणतात. घरात मात्र हे डब्याचं झाकण शोधत फिरणारे साधे गृहस्थ. एकवीस वर्षं कामगारांच्या वतीने साहेबांशी बोलणी करतात, पण आवाज चढवल्याचं ऐकलं नाही. त्यांचे नेम दोनच. बैठकीत सगळे बोलून झाल्यावर शेवटी बोलायचं. आणि निर्णयाने ज्याचं नुकसान होणार, त्याच्या घरी सहीआधी स्वतः जाऊन सांगायचं.

यंदा कारखान्याला टाळं लागून बावन्न दिवस झाले, तेव्हा साहेबांचा शेवटचा शब्द आला. फाटक उघडू, पण रंगखातं बंद. तीनशे जणांना काम, रंगखात्यातल्या अकरा जणांना नाही. त्या अकरांत माझा धाकटा भाऊ.

बैठकीत सगळ्यांचं ऐकून ह्यांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर पडले. एका घरी कुणी बसासुद्धा म्हणालं नाही. एका घरी म्हातारीने हात धरला तो सोडेचना. दुपारी जेवायला घरी आले.

“भावाकडे गेलात?” मी विचारलं.

“तो घरचाच. समजून घेईल.”

मी बरं म्हटलं आणि जपाला बसले. देवाने तेव्हाच माझे कान उपटायला हवे होते.

संध्याकाळी सही झाली. भावाला कळलं ते फाटकावर चिकटवलेल्या कागदावरून. सकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

“आत ये की, चहा टाकते.”

“नको ताई. पुढारी आहेत का?”

एरवी तो भावोजी म्हणतो. हे बाहेर आले.

“अरे, दुसरा मार्गच नव्हता.”

“ते कळतं मला. तुमच्या जागी मीही तीच सही केली असती. पण दहा घरांच्या पायऱ्या चढलात, माझीच तेवढी उंच झाली?”

“तू आपला म्हणून...”

“आपला म्हणून फाटकावर वाचायचं होय?”

तो निघून गेला. आता कारखाना सुरू आहे. रस्त्यात लोक ह्यांना थांबवून हात जोडतात आणि हे खाली बघत पुढे जातात.

आज हे त्याच्याकडे गेले. भावजयीने खुर्ची दिली, पाणी दिलं. भाऊ आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. अर्धा तास बसून हे परतले. उद्या पुन्हा जाणार म्हणतात.

“मीही येते,” मी म्हटलं.

“नको. तू आलीस तर तो तुझ्यासाठी बाहेर येईल.”